धुळ्याच्या नानांची चूक

चुकांवर इतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा सापडायचा नाही. जळगावात आमचा प्रोग्रामर लोकांचा गट होता आणि तो चालवणारे नाना राहायचे धुळ्याला. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ते सकाळच्या एसटीने यायचे, मांडीवर चादरीत गुंडाळलेला प्रोजेक्टर. कंडक्टरने एकदा तो वर ठेवायला सांगितला, तर म्हणाले, "त्याले वर चक्कर येस." एका क्लासची खोली रविवारी रिकामी असे, तिथे आम्ही वीस-बावीस जण जमायचो. नियम एकच, बोलायचं ते स्वतःच्या चुकीवर. यशाबद्दल कोणी सुरू झालं की नाना उघड जांभई देत. नशिराबादच्या एकाने कपड्याच्या दुकानासाठी प्रोग्राम लिहिताना सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच दिवशी वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या होत्या, त्याच्यासाठी नानांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आणि भाषण कशावरही असो, शेवटी नानांचा प्रश्न ठरलेला: "भाऊ, लाईट गयी ते काय होई?" पाचोऱ्याची एक मुलगी या प्रश्नाने इतकी चिडली की पुढच्या महिन्यात तिने अख्खं भाषणच त्यावर दिलं. त्याच तयारीवर तिला पुण्यात नोकरी लागली.

स्वतःच्या चुकीवर मात्र नाना कधी बोलले नाहीत. "मनी चूक आजून पिकेल नही," म्हणायचे. नोकरीच्या मुलाखतीचा सराव ते घेत, तोही अर्ध्या बाहीच्या शर्टावर टाय लावून, आणि असे आडवे प्रश्न विचारत की खरी मुलाखत त्यापुढे गंमत वाटे. त्यांच्या हाताखालून गेलेला सहसा नापास होत नसे. दर दोन-तीन महिन्यांनी एकजण पेढे घेऊन यायचा, आणि पुढच्या महिन्यापासून दिसायचा नाही. पंधरा राहिले, मग सात, मग तीन. नाना खुर्च्या मात्र बावीसच मांडत. मी एकदा वैतागून म्हटलं, "नाना, चार पुरतील की!" ते म्हणाले, "येतीन ना." मला त्यांचा राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण पुण्याच्या नोकरीचं पत्र तेव्हा माझ्याच खिशात होतं. माझाही सराव त्यांनीच घेतला होता. मी गेलो की गट संपणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं, म्हणून मी दोन महिने सांगायचं टाळलं.

शेवटी एका रविवारी आम्ही दोघेच उरलो आणि मी सांगून टाकलं. नानांनी खिडक्या लावल्या, प्रोजेक्टर सुरू केला. पडद्यावर नुसता निळा उजेड. म्हणाले, "बस. आज मी बोलसू."

मग एकवीस रिकाम्या खुर्च्यांपुढे आणि माझ्यापुढे ते एवढंच बोलले: "मी तुमले सगळासले इतलं शिकाडं का आठे, ह्या खोलीमा, कोनी ऱ्हायनंच नही. हाई मनी चूक शे."

बोलून झाल्यावर रीतीप्रमाणे प्रश्नाची वाट बघत उभे राहिले. विचारायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी विचारलं, "नाना, लाईट गयी ते?"

"मंग काय, बसी ऱ्हासू जराखा," नाना म्हणाले. "तू तुनी गाडी गाठ."

पुण्यात आमच्या बैठकांना मोठं सभागृह भरतं आणि सगळे आपल्या यशाबद्दल बोलतात. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नानांना फोन करावासा वाटतो. पण ते अजून खुर्च्या मांडत असतील, या भीतीने मी करत नाही.