मागच्या बाकावरच्या मोठ्या बाई

मोठ्या बाई शुक्रवारी तासभर गप्प बसणार आहेत, ही बातमी सोमवारी सकाळी मिशनच्या आवारात पसरली आणि लोकांना हसू आवरेना. माळ्यानं तर हातातली झारी खाली ठेवून विचारलं, "अख्खा तास?"

त्याचं काही चुकलं नव्हतं हो. बाईंना ओळखणाऱ्या कुणालाही हाच प्रश्न पडला असता. वर्गात पोर अडखळलं, की त्याच्या आधी उत्तर बाईंच्या ओठांवर. प्रार्थनेत नवरा एखाद्या शब्दासाठी थांबला, की पुढचा शब्द बाईंचा. बाजारात शेजारीण भाव करायला लाजली, की तिच्यासाठी भाव ह्या करणार, आणि तोही परक्या भाषेत, हातवारे करून. मन सोन्यासारखं, पण जीभ? तिला सुट्टी म्हणून ठाऊक नाही.

नवरा, मुलगी आणि दोन ट्रंका घेऊन बाई ह्या परमुलखात आल्या तेव्हा मुलगी कडेवर होती. आता ती आईच्या खांद्याला लागली आहे आणि आईची परकी भाषा उठता बसता सुधारते आहे. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणतात. आसपासच्या वस्त्यांमधून येणाऱ्या तरुणांना ते धर्मोपदेशाचं शिक्षण देतात. शाळा मात्र बाईंची. एका पत्र्याच्या छपराखाली सुरू केलेली, आता तीन पक्क्या खोल्यांची, पाच वर्गांची. एकेक बाक त्यांनी स्वतः घासूनपुसून उभा केलेला.

पण मिशनची एक रीत होती. परक्या माणसानं जागा धरून बसायचं नाही. इथल्या माणसांना उभं करायचं आणि आपण उठायचं. बाईंच्या कुटुंबाला पुढच्या सत्रापासून दुसऱ्या देशात बोलावणं आलं होतं. शाळेला सरकारी मान्यता मिळाली तर शाळा राहणार, नाही मिळाली तर बाईंच्या मागोमाग तिलाही कुलूप. दुसरी शाळा थेट डोंगराच्या पलीकडे. पोरी तिथे जाणार नाहीत, घरी बसतील, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

सरकारी खात्याच्या अटी दोन. शाळेच्या वेळात धर्माचं काही चालणार नाही, जे करायचं ते घंटेच्या आधी करा. आणि शाळा इथल्या मुख्याध्यापिकेला चालवता येते, हे तपासणीला येणाऱ्या साहेबांना प्रत्यक्ष दिसलं पाहिजे.

ही मुख्याध्यापिका म्हणजे शिवणवाली. पोरांचे गणवेश शिवायला म्हणून ती पहिल्यांदा आवारात आली, बाईंच्या बायकांच्या वर्गात अक्षरं शिकायला टेकली, ती टेकलीच. पुढे शाळेची परीक्षा दिली, मग शिक्षकाची. इतकं होऊनही लोक तिला शिवणवालीच म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर बाईसुद्धा. सडपातळ, कमी बोलणारी. बाईंना तिचं सगळं आवडायचं, फक्त ती उत्तर द्यायच्या आधी जो वेळ घ्यायची ना, तो वेळ बाईंना सोसायचा नाही. त्या वेळात त्या स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या व्हायच्या.

"शुक्रवारी तुम्ही मागच्या बाकावर बसा," शिवणवाली म्हणाली होती. "आणि बाई, रागावू नका, पण बोलू नका."

"मी कशाला बोलेन?" बाई म्हणाल्या, आणि ह्यावर दहा मिनिटं बोलल्या.

आठवडाही असा आला, की बसायला फुरसत नाही. सोमवारी भिंतींवरच्या बायबलच्या वचनांच्या चौकटी उतरवायचं काम. मंगळवारी बायकांचा वर्ग, त्यात एकीचं तान्हं दुसरीच्या पाटीवर ओकलं. मास्तरांच्या विद्यार्थ्यांची शेवटची परीक्षा त्याच आठवड्यात, म्हणून लांबून आलेले चौघे बैठकीच्या खोलीत पथारी पसरून. चहाचं आधण उतरवलं की पुन्हा चढवायचं. एका आजारी म्हाताऱ्याला भेटायला जायचं होतं, तिथे गेल्या तर म्हातारा बरा होऊन शेतावर गेलेला. "निदान निरोप तरी धाडायचा!" असं त्याच्या सुनेला बोलून बाई तशाच उलट पावली शाळेत. पायाला भिंगरी लागली होती नुसती.

बुधवारी जेवताना मुलीनं टूम काढली. "आई, तुझी तालीम घेऊ या. मी पप्पांना प्रश्न विचारते. तू बोलायचं नाहीस."

"विचार की."

"पप्पा, पाण्याची वाफ होते म्हणजे नेमकं काय होतं?"

मास्तर मुद्दाम सावकाश घास चावत राहिले. छताकडे पाहिलं. मिठाकडे पाहिलं. बाईंचा चेहरा लाल व्हायला लागला.

"अहो, पाणी तापतं!" बाई फुटल्याच. "साधी गोष्ट आहे! तापलं की त्याचे कण..."

"हरली!" मुलगी टाळ्या पिटत ओरडली. पथारीवाले चौघेही हसायला लागले. बाई तेवढ्यापुरत्या हसल्या, पण भांडी विसळताना त्यांचा चेहरा उतरला होता. मास्तर फडकं घेऊन शेजारी उभे राहिले.

"मी बोलले आणि सगळं घालवलं तर?" त्या म्हणाल्या.

"तिला तू शिकवलंयस ना?"

"हो."

"मग आपल्या शिकवण्यावर थोडा भरवसा ठेव की बाई," मास्तर म्हणाले. बाईंनी ओला हात त्यांच्या सदऱ्याला पुसला आणि विषय संपवला.

गुरुवारी मायलेकींनी मिळून पुठ्ठ्यांवर मोठे मोठे तक्ते रंगवले. अर्धा, पाव, पाऊण. एकेक गोल असा देखणा, की भिंतीवर लावावा. शिवणवालीचा धडा अपूर्णांकांचा होता. तिनं तक्ते पाहिले, "छान झालेत," म्हणाली, आणि ते कोपऱ्यात उभे करून ठेवले. बाईंनी सगळ्या गोष्टी पुन्हा तपासल्या. प्रार्थना घंटेच्या आधी, चौकटी कपाटात, पोरांची नखं कापलेली. कुठे फट म्हणून ठेवली नाही.

आणि तरी फट राहिलीच! अशी चूक मिशनच्या माणसांच्याच हातून व्हावी.

शुक्रवारी घंटा झाली. बाई मागच्या बाकावर, गुडघे बाकाला टेकवून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. दारात साहेब आले. इस्त्रीचा सदरा, काखेत पिशवी, कपाळावर आठ्या. त्यांनी उंबरठा ओलांडला मात्र, सगळा वर्ग ताडकन उभा राहिला आणि पोरांनी पाहुण्यांचं स्तोत्र सुरू केलं.

इतक्या वर्षांत ह्या शाळेत जो कोणी पाहुणा आला, तो कुठल्या ना कुठल्या चर्चच्या मंडळीकडून आलेला. पाहुणा दारात दिसला की उठायचं, देवानं त्याचं भलं करावं म्हणून गायचं, हे पोरांच्या हाडीमाशी भिनवलं होतं, आणि भिनवलं होतं खुद्द बाईंनी! ते वेळापत्रकात कधी नव्हतंच, मग ते काढायचं कुणाला सुचणार? सगळी कडवी झाली, हातवाऱ्यांसकट. आणि स्तोत्र संपल्यावर, पाहुणे दर वेळी वाटतात म्हणून, सगळ्या पोरांनी गोळ्यांसाठी हात पुढे केले.

साहेब गोंधळून उभे. नकळत त्यांचा हात आपल्या खिशाकडे गेला. खिशातून निघाली खोकल्याची एक गोळी. तिच्याकडे त्यांनी पाहिलं, पोरांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा कडक झाला. "शाळेच्या वेळात हे चालतं?" त्यांनी विचारलं.

बाई अर्ध्या उठल्याच. माझी चूक, साहेब, पोरांची नाही, शिवणवालीची तर नाहीच, सगळं वाक्य तोंडात तयार. तेवढ्यात शिवणवालीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. बाई खाली बसल्या आणि दातांखाली ओठ धरला.

शिवणवालीनं नेहमीसारखा वेळ घेतला. बाईंना वाटलं, आपला श्वास ह्या बाकावरच थांबणार.

"चालायला नको, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "सवय आमची आहे, चूकही आमची. ह्या पोरांकडे आजवर जे पाहुणे आले ते गाणं ऐकायला आले. धडा ऐकायला आलेले तुम्ही पहिलेच. उद्यापासून हे घंटेच्या आधी."

साहेब खुर्चीत बसले. "चला, धडा दाखवा," म्हणाले.

बाईंनी तक्त्यांकडे नजर टाकली. घे, घे तो पहिला गोल! शिवणवालीनं तक्त्यांना हातही लावला नाही. ती साहेबांपुढे गेली आणि म्हणाली, "साहेब, ती गोळी मिळेल?"

तिनं खोकल्याची गोळी टेबलावर ठेवली. "गोळी एक. हात पुढे केलेत सगळ्यांनी. आता काय करायचं?"

वर्गात नुसता कल्ला! एक म्हणाली, "मला द्या." दुसरा म्हणाला, "दोघांत अर्धी अर्धी." "आणि चौघांत?" "पाव!" "आणि आठ जणांत?" इथे पोरं थबकली. शिवणवालीनं कागदाची पट्टी घेतली, घडी घातली, परत घडी, परत घडी, उलगडून एका पोरीच्या हातात दिली. "मोज." पोरगी मोजायला लागली. एका चुणचुणीत पोरानं मध्येच हरकत घेतली, की मोठ्याला मोठा तुकडा आणि लहानाला लहान द्यावा. मग तुकडे सारखे नसले तर त्यांना आठवा भाग म्हणायचं की नाही, ह्यावर जे भांडण जुंपलं, ते ऐकत साहेब खुर्चीतून पुढे सरकले.

पट्टी मोजणारी पोरगी अडली. "पाव आणि पाव किती?" ह्यावर तिनं सवयीनं मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं. तिच्याबरोबर अख्ख्या वर्गानं. बाईंच्या जिभेवर "अर्धा" हा शब्द आला आणि तिथेच लटकला.

"फळा इकडे आहे," शिवणवाली म्हणाली.

पोरांच्या माना फिरल्या. सगळ्या, एकजात. आणि त्या पोरीनं हातातली पट्टी घडी करून पाहिली आणि आपली आपणच म्हणाली, "अर्धा!"

बाईंना काय वाटलं म्हणून सांगावं! पहिल्यांदा टोचलं, खोटं कशाला बोलायचं? रंगवलेले तक्ते तिकडे कोपऱ्यात, बाई इकडे कोपऱ्यात. पण पाठोपाठ असं काही भरून आलं, की त्यांनी रुमाल काढून नाक शिंकरलं. हा धडा त्यांना सुचला नसता. जन्मात सुचला नसता.

धडा संपल्यावर साहेबांनी विचारलं, "वर्ग पाच, खोल्या तीन. ही परदेशी मंडळी गेल्यावर कसं भागवणार?" आणि विचारता विचारता ते मागच्या बाकाकडे वळू लागले. बाईंकडे उत्तर तयार होतं. दोन वर्ग एका खोलीत, मोठ्या मुलींनी लहानांना सांभाळायचं, वर्षानुवर्षं चाललेलं उत्तर.

साहेब पुरते वळायच्या आत शिवणवाली म्हणाली, "लहान वर्ग सकाळी, मोठे दुपारी. बायकांच्या वर्गातल्या दोघी शिक्षकाची परीक्षा पास झाल्यात. एक सकाळी येईल, एक दुपारी. दोघींच्या घरी जाऊन मी बोलून आलेय."

हे बाईंना ठाऊकच नव्हतं!

"मोठ्या बाईंना विचारलंत?" साहेबांनी विचारलं.

"नाही," शिवणवाली म्हणाली. मग पुढे म्हणाली, "मुख्याध्यापिका मी आहे ना, साहेब."

साहेब उठले. गाणं घंटेच्या आधी, ह्यात कसूर नको, असं त्यांनी बजावलं. मग म्हणाले, "नव्या सत्रापासून मान्यता धरून चाला. हुकूम येईल." जाताना त्यांनी शिवणवालीला वाकून नमस्कार केला. बाईंना मान लववून केला, जसा कुठल्याही घरातल्या वडीलधाऱ्या पाहुणीला करतात.

बाई आवार ओलांडून घराकडे निघाल्या, चालत नव्हे, जवळजवळ पळत. माळ्यानं हाक मारून विचारलं, तर त्याला त्यांनी नुसतं हात हलवून दाखवलं. घरात मास्तर दारापाशीच उभे होते, मुलगी त्यांच्या मागे. दोघांचेही चेहरे घाबरेघुबरे, कारण स्तोत्राचा आवाज आवारभर घुमला होता.

"काय झालं? तू बोललीस का?" मास्तरांनी विचारलं. "साहेबांनी काय काय विचारलं तुला?"

बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. धाप लागलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि चेहरा असा, की जणू कुणी भर सभेत गळ्यात पदक घातलंय.

"मला?" त्या म्हणाल्या. "अहो, मला कुणी काही म्हणजे काहीसुद्धा विचारलं नाही!"