पाटीमास्तर आणि बोलका पडदा

माझे आजोबा नाटकात होते, असं आम्ही घरचे मोठ्या ऐटीत सांगायचो. ते खोटं नव्हतं. फक्त सहा वर्षांत त्यांच्या वाट्याला एकही वाक्य आलं नव्हतं. भाला घेऊन राजाच्या मागे उभं राहायचं, एवढीच भूमिका. "पुढच्या नाटकात वाक्य देतो," असं म्हणत कंपनीच्या मालकाने त्यांना झुलवत ठेवलं, आणि एक दिवस कंपनीच बसली. थिएटरच्या मालकाने रंगमंचावर पांढरं कापड ताणून मूकपट सुरू केले.

मूकपटात मधूनमधून मजकुराच्या पाट्या येत. निम्म्याहून जास्त प्रेक्षकांना अक्षरओळख नव्हती, म्हणून त्या मोठ्याने वाचून दाखवायला खणखणीत आवाजाचा माणूस हवा होता. आजोबा पुढे झाले. ज्याला नाटकात एक वाक्य मिळालं नाही, त्याला मूकपटात सगळ्यांचीच वाक्यं मिळाली! राजा तेच, राणी तेच, दरोडेखोरही तेच. पाटीवर नुसतं 'थांब' असलं तरी आजोबा गरजायचे, "थांब मेल्या! पळतोस कुठे? दाराला बाहेरून कडी आहे!" लोक शिट्ट्यांनी छत डोक्यावर घ्यायचे. गाव त्यांना पाटीमास्तर म्हणू लागलं.

आठ वर्षं अशी मजेत गेल्यावर बातमी आली, की शेजारच्या शहरात बोलपट लागलाय. आजोबा पहाटेच्या गाडीने गेले आणि संध्याकाळी परतले. आजी शिवणयंत्रावर बसली होती. चपला न काढताच ते आत घुसले.

"अगं, बोललं! चित्र बोललं! दार आपटलं तर धाडकन आवाज आला. ती बाई हसली, तर तिचं हसू माझ्या कानात!"

आजीने पाय थांबवला. "मग आता तुमच्याकडून पाट्या कोण वाचून घेणार?"

"कुणी नाही. माझं काम गेलं," आजोबा म्हणाले, "पण अगं, बोललं ना ते!"

"काम गेलं म्हणून नाचणारा नवरा माझ्याच नशिबी यायचा होता," आजी म्हणाली.

दोन महिन्यांत आमच्या थिएटरातही बोलपटाचं यंत्र आलं. पहिल्या खेळाच्या दिवशी सकाळी चाचणी घेतली, तर सगळा आवाज घुमून एकात एक मिसळला. नायक बोलतोय की हंड्यात कुणी ओरडतंय, काही कळेना. यंत्रवाला घाम पुसत म्हणाला, "यंत्रात खोट नाही. तुमचं थिएटरच बहिरं आहे."

मालकाने कपाळावर हात मारला. बाहेर रांग लागली होती, आणि खेळ तीन वाजता होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आजोबा उठले. "मालक, या खोलीशी मी आठ वर्षं भांडलोय. हिच्या सगळ्या खोड्या मला ठाऊक आहेत. ही मागची उघडी भिंत आवाज परत फेकते. गॅलरीखाली गेलेला शब्द तिथेच मरतो. माळ्यावर नाटकाचे जुने पडदे पडलेत ना? ते खाली काढा."

पडदे खाली आले. एकावर राजवाडा, दुसऱ्यावर जंगल, तिसऱ्यावर तुरुंग. आजी शेजारच्या चार बायकांना घेऊन आली. रंगमंचावर फतकल मारून त्यांनी पडदे एकमेकांना जोडले आणि भराभर दुहेरी शिवले. मागची भिंत छतापासून जमिनीपर्यंत झाकली. आजोबा या खुर्चीवरून त्या खुर्चीवर टुणटुण उड्या मारत ओरडत होते, "भोंगा जरा खाली वाकवा! अजून! डावीकडे! हां, आता बोला!"

तीनला दहा मिनिटं असताना गॅलरीखालच्या शेवटच्या बाकावरून त्यांनी हात उंचावला. "कुजबुजसुद्धा ऐकू आली!"

दारं उघडली आणि लोंढा आत आला. पडद्यावरच्या आईने लेकाला पहिली हाक मारली, तेव्हा पाचशे माणसांनी असा गलका केला, की पुढची दोन वाक्यं वाहून गेली. लोक ओरडू लागले, "परत दाखवा! परत!" मालकाने खरंच फिल्म मागे घ्यायला लावली.

त्यानंतर यंत्रवाला कुठेही नवं यंत्र बसवायला निघाला, की आजोबांना बोलावणं येई. एक पिशवी घेऊन ते निघायचे, रिकाम्या थिएटरात मधोमध उभे राहून एकदाच टाळी वाजवायचे, कान टवकारायचे, आणि मग कुठे काय टांगायचं ते सांगायचे. एकेचाळीस थिएटरं त्यांनी अशी ऐकती केली.

पुढे घरोघरी टीव्ही आला, मोठी थिएटरं ओस पडली. आमच्या थिएटराचे तीन तुकडे करून तीन छोटे हॉल केले, तेव्हा आजोबा चौऱ्याऐंशीचे होते. मला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. पण ते हट्टाने मला तिथे सिनेमाला घेऊन गेलेच.

सिनेमा रंगात आला आणि आमच्या पाठीमागून घोडे दौडत आले. आजोबा दचकून मागे वळले.

"कोण आलं गं?"

"कुणी नाही, आजोबा. सिनेमातलेच घोडे. आता आवाज चारी बाजूंनी येतो."

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मग उठून सरळ भिंतीपाशी गेले आणि एकेका स्पीकरला कान लावत फिरू लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ आजोबा, खाली बसा की!"

"अरे, बसून काय ऐकतोस?" आजोबा तितक्याच खणखणीत आवाजात म्हणाले. "इकडे ये! इथे पाऊस वेगळा पडतोय!"

पुढच्या रविवारी आम्ही तोच सिनेमा डाव्या कोपऱ्यातून ऐकला. त्याच्या पुढच्या रविवारी उजव्या.