परदेशी मापाची कवटी

विजयाताई खानझोडेंच्या हातचा तिळगूळ तुलसी नगरात कोणी खात नाही. घेतात, गोड हसतात आणि जिना उतरला की गाईला घालतात. कारण काय, तर बाई कवट्या हाताळतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या हाडांच्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून नेमल्यावर बाईंनी काय मोगरा हाताळायचा? नागपूरची कचेरी भोपाळला हलली तेव्हा सासरे फायलींच्या पेट्या घेऊन इथे आले होते. सुनेनं फायली सोडून हाडं धरली, हे सासरी आजवर कोणाला पचलेलं नाही.

अठ्ठावीस वर्षांत बाईंची बोटं तयार झाली. कानामागचं हाड भरीव की बारीक, डोळ्याच्या खोबणीची वरची कड बोथट की धारदार, भुवयांवर उंचवटा किती, एवढं चाचपलं की पुरुष की बाई ते त्या सांगत. कमरेचं हाड हाती नसेल तर 'खात्री नाही' असंही सांगत. अंदाज बाईंचा, सही साहेबांची. चुकलाच तर मात्र तो सगळा बाईंचा.

मग नवे साहेब म्हणून डॉक्टर शैलेंद्र आले. त्यांचा बोटांवर विश्वास नव्हता, लॅपटॉपवर होता. त्यात एक सूत्र होतं: कवटीची मापं घाला, उत्तर घ्या. सूत्र कुठल्याशा थंड मुलखातल्या, दूध-मांसावर पोसलेल्या धिप्पाड लोकांच्या कवट्यांवरून बेतलेलं. म्हणजे परक्याच्या अंगाचा सदरा आपल्याला ढगळ झाला, की आपणच माणूस नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात बैरसिया रस्त्याच्या कोरड्या नाल्यातून पोलिसांनी एक कवटी आणली. खालचा जबडा नाही, बाकी एक हाड नाही. डॉक्टरांनी चार आकडे घातले आणि दहा मिनिटांत जाहीर केलं, "स्त्री."

विजयाताई म्हणाल्या, "सर, कवटी लहान आहे, पण कानामागचं हाड बघा. भुवई बघा. मला हा किरकोळ बांध्याचा पुरुष वाटतो."

"वाटतो? सूत्र नव्वद टक्के बरोबर असतं, मॅडम."

"त्यांच्याकडे असेल. त्या मापानं मोजलं तर आमच्या आळीतले निम्मे पुरुष बायका निघतील."

डॉक्टरांना विनोद कळला नाही. अहवाल गेला. कवटी बाईची ठरल्यावर पोलिसांनी ती बेपत्ता पुरुषांच्या फायलींशी ताडण्याचे कष्ट वाचवले. सरकारी कामात वाचतात ते फक्त कष्टच.

दुसऱ्या दिवशी वसुधाबाई आल्या. जवाहर चौकात ब्लाउज शिवणारी बाई. त्यांचा अजिंक्य चौदा महिन्यांपासून बेपत्ता होता, आणि कुठेही हाडं सापडली की त्या या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहत. आज हातात पेढ्यांचा पुडा होता.

"हवालदार बोला, औरत की निकली, अम्मा," त्या हसत म्हणाल्या. "माझा नाही तो. घ्या ना ताई, पेढा घ्या."

विजयाताईंच्या हातचं कोणी खात नाही, आणि ही बाई त्यांना भरवायला निघाली होती. गप्प बसणं सोपं होतं. अहवालाखाली सही साहेबांची होती. पण गप्प बसल्या, तर बेवारस बाई म्हणून कुणाचा तरी मुलगा पुरला जाणार होता. विजयाताईंना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

"अजिंक्य अंगानं कसा होता?" त्यांनी विचारलं.

"काडी पहिलवान. का हो?"

"तो अहवाल मला पटलेला नाही, वसुधाबाई. मला तो पुरुष वाटतो. कोणाचा, ते कवटीवरून नाही सांगता येत. ठाण्यात अर्ज द्या, रक्त द्या. कवटीच्या दाढेशी जुळवून बघतील."

वसुधाबाईंनी पुडा बांधला आणि त्या निघून गेल्या. विजयाताईंनी त्याच दुपारी आपलं म्हणणं लेखी दिलं, आणि डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. तो तेवढाच फायदा.

तीन महिन्यांनी तपासणीचा निकाल आला. दाढ अजिंक्यचीच होती. डॉक्टर आता भारतीय कवट्यांना परदेशी मापं कशी चालत नाहीत, यावर परिषदेत निबंध वाचणार आहेत. हा शोध त्यांना स्वतःलाच लागला म्हणे.

अस्थी न्यायला वसुधाबाई आल्या, तेव्हा विजयाताईंनी स्वतः गाठोडं बांधून दिलं. "मला माफ करा," एवढंच त्यांना सुचलं.

"माफी कसली? तुम्ही बरोबर होतात," वसुधाबाई म्हणाल्या. "पण तुम्ही चुकावं म्हणून मी तीन महिने रोज देवापुढे बसत होते, ताई."