मोठेबाबांची हिस्ट्री

हिंगणघाटच्या स्टँडबाहेर पुण्याची ट्रॅव्हल्स लागली होती, आई डबा रुमालात बांधत होती, आणि बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, माझ्यापुढे हात पसरून उभे होते. त्यांना माझा फोन हवा होता. "दाखव, काय काय पाह्यतं ते." मी आदल्या दिवशीच सगळी हिस्ट्री पुसून टाकली होती. ते म्हणाले, "काहीच नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी हाय." बस सुटल्यावर मी मागे वळून पाहिलं नाही. तुमच्यापैकी ज्यांना तो उद्धटपणा वाटला त्यांना आज सांगते, तो उद्धटपणाच होता.

एकत्र घरात एकच कॉम्प्युटर, तोही मोठेबाबांच्या बैठकीत. रविवारी पंगत बसली की ते चष्मा लावून आठवड्याची हिस्ट्री मोठ्याने वाचायचे. मुलांच्या ओळी आल्या की आवाज उतरायचा, माझ्या आल्या की चढायचा. एका रविवारी त्यांनी वाचलं, "पुण्यात मुलींचे होस्टेल. सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स. एकटीने राहणे सुरक्षित आहे का." पंगत हसली. बाबा खाली बघून भात कालवत राहिले. नंतर मला म्हणाले, "मोठ्या भावासमोर बोलता येत नाही, बाई." त्या वाचनानंतर माझं पुण्याला जाणं दोन वर्षं लांबलं. मी ते विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

विश्रांतवाडीतल्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी वायफाय जोडून दिलं आणि म्हणाल्या, "आपण काय बघता त्यात आम्हाला रस नाही. पाणी मात्र जपून वापरा." पुण्याच्या तुटकपणाला कुणी काहीही म्हणो, मला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. आता दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या वेबसाइटमधल्या चुका शोधते आणि घरी आले की मनाला येईल ते उघडते. जुन्या फर्निचरच्या जाहिराती बघते, घेत काही नाही. पाटवडी रश्श्याचे व्हिडिओ बघते आणि मॅगी करते. वर्ध्याकडे जाणारी गाडी कुठवर पोचली तेही बघते. मी तिच्यात नसते, तरी बघते.

मागच्या दिवाळीत गावी गेले तेव्हा मोठेबाबांनी नवा फोन माझ्याकडे टाकला. "तुह्यंच नाव टाक, मले कायले लागते ईमेल-फिमेल." मी माझंच खातं टाकून दिलं. पुण्यात येऊन लॅपटॉप उघडला, तर खातं एकच असल्यामुळे माझ्या हिस्ट्रीत मोठेबाबा येऊन बसलेले. टकलावर केस कसे आणावे. मिशीचा कलप किती दिवस टिकतो. रात्री उशिरापर्यंत लावणीचे व्हिडिओ.

देव आहे, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मी यादीच करायला घेतली. पुढच्या लग्नात, भर पंगतीत, चष्मा लावून वाचणार होते. चष्मा मला लागत नाही, पण विकत घेणार होते.

आणि एका दुपारी यादीत आलं, "पुण्यात मुलींचे होस्टेल." त्याखाली एका कंपनीच्या ऑनलाइन मुलाखतीची माहिती. त्याखाली, "हिस्ट्री कशी पुसायची." मोठेबाबा दुपारी झोपले की त्यांची मुलगी प्रणाली हळूच त्यांचा फोन घेत होती. बी.एस्सी. झाली तरी तिला स्वतःचा फोन नव्हता. ते त्यांच्या नजरेला पडून रविवारी पंगतीत वाचलं गेलं असतं तर तिचंही माझ्यासारखंच झालं असतं, कदाचित दोन वर्षांवरही भागलं नसतं.

तिला पुसणं जमलेलं दिसत नव्हतं, म्हणून मीच पुण्यात बसून तिच्या ओळी पुसायला लागले; इथे पुसल्या की त्या मोठेबाबांच्या फोनातूनही जायच्या. ऑफिसचं जेवण उरकलं की आधी तेच काम. मधे चुलतभावाचं लग्न झालं. मी गेले, मुकाट जेवले आणि यादी पर्समध्येच ठेवून परत आले, कारण वाचली असती तर त्यांनी माझं खातं काढलं असतं आणि पोरगी उघडी पडली असती. तो घास गिळताना मला काय झालं ते माझं मला ठाऊक.

प्रणाली मुलाखतीत पास झाली आणि घरी न विचारता एक बॅग घेऊन माझ्या दारात आली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मोठेबाबांचा फोन आला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. मागे ताटवाट्या वाजत होत्या.

"तुले मालूम होतं? मंग मह्या फोनात काहीच कसं दिसलं नाही?"

"दिसलं असतं, मोठेबाबा. मी रोज पुसत होते. तुमचं मात्र सगळं ठेवलंय. वाचू?"

आणि मी वाचलं. सावकाश, टकलापासून लावणीपर्यंत, तारखांसकट. मागे कुणीतरी फिसकन हसलं, बहुतेक मोठीआई, त्यांचीच बायको. मग बाबांचा आवाज आला, "दादा, जेवून घ्या." फोन बंद झाला.

नंतर वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. त्यांनी त्याच दिवशी माझं खातं काढून टाकलं आणि आई सांगते की रविवारची पंगत आता गुपचूप जेवते.

गावी घर आहे, त्यात माझं ताटही असेल. पण प्रणाली आता लॅपटॉप तसाच उघडा टाकून आंघोळीला जाते आणि मी त्याच्या बाजूला बसून चहा पिते. मला घर म्हणायला एवढं पुरतं.