त्या माइकवर मी जे बोलली

“मेरी माँ पहले भीख मांगती थी.”

हे मी बोलली. माइकवर, भरल्या हॉलात. आई माझ्या बाजूलेच उभी होती, हातभर अंतरावर. तिच्या अंगावर धुवून धुवून विटलेली साडी होती अन् पाय अनवाणी होते. चपला होत्या तिच्या, चांगल्या होत्या. मी ज्या संस्थेत नोकरी करत होती, तिथल्या सरांच्या माणसानं त्या पडद्यामागं काढून ठेवाले लावल्या. समोरच्या रांगेत परदेशी पाहुणे बसले होते, मंत्रालयातले साहेब लोक बसले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई तर डोळे पुसून राहिली होती.

आई काय बोलली होती? ऐका. आई मराठीत बोलली होती, “मी शिलाई करतो. आमच्या पाऱ्यातल्या, वस्तीतल्या, बायायनं मिळून फंड काढला. बारा-तेरा वर्षं झाली त्याले.” एवढंच. त्याचं हिंदी मी हे असं केलं.

अन् आईले हिंदी येत होतं. जिची सारी हयात रायपुरात गेली, तिले हिंदी येणार नाही? छत्तीसगढी पण येत होतं, बाजारात भांडण करण्याइतकं. पण सर म्हणाले होते, “माताजी अपनी भाषा में बोलेंगी. असर पड़ता है.” म्हणून तिनं मराठीत बोलाचं, मी हिंदी कराचं, अन् सर त्याचं इंग्रजी करणार. माझ्या हिंदीचा कागद त्यांनी दोन दिवस आधीच ऑफिसात माझ्या हाती दिला होता. आई अजून एक शब्द बोलली नव्हती अन् तिचा अनुवाद तयार होता.

आई माझ्याकडं पाहून राहिली. रागानं नाही. एखाद्या अनोळखी पोरीकडं पाहावं, तसं. मंग तिनं नजर समोर केली अन् कार्यक्रम संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

आता भीक हा शब्द आमच्या घरात काय आहे, ते सांगतो. माझा आजा भंडाऱ्याकडचा. गावकीची कामं करून घरोघर भाकर मागाची, हे त्याच्या नशिबी लिहून ठेवलं होतं गावानं. आज्यानं धम्म घेतला अन् भाकर मागणं सोडलं. शिळी भाकर घ्याले येत नाही म्हणून त्याले चौकात मारलं. तो आज्जीले अन् तान्ह्या आईले घेऊन निघाला तो थेट रायपूरले आला, रेल्वेत गँगमन झाला. आईनं ही गोष्ट मले कितीकदा सांगतली असंल. शेजारून वाटी मागून आणली तरी चिडायची ती. म्हणे, “मागाचं नाही. उसनं आणाचं, अन् परत कराचं.” त्याच बाईले मी भिकारीण केलं, अन् तेही तिच्याच पोटच्या पोरीनं. जीभ कशी झडली नाही माझी?

फंड आईचा होता, हे कोणीच सांगत नाही, म्हणून मीच सांगतो. आमचा पारा उरल्याच्या कारखान्यायच्या अलीकडं. घरोघरचे माणसं रोलिंग मिलमध्ये. माझ्या बाबाचा हातही तिथंच भाजला, तेव्हापासून ते घरीच. कोणाच्या घरी अडचण आली का बाई पैंजण घेऊन सदर बाजारात सोनाराकडं जायची. तो आधी दहा प्रश्न विचारायचा. नवरा पितो का, पोट्टं कोणाचं, कशाले पायजे. आईले ते सहन होत नव्हतं. तिनं बायायले म्हटलं, रोज रांधताना एक मूठ तांदूळ बाजूले काढा. शनिवारी सगळ्यांचे तांदूळ आमच्या ओसरीतल्या टिनात पडायचे. जिले लागंल ती न्यायची, तांदूळ नाही तर त्याचे पैसे, अन् सवडीनं भरायची. कायदा एकच होता. काहून पायजे, हे विचाराचं नाही. कोणी विचारलंच तर आई त्या बाईले उठून जाले सांगायची.

मंग राज्य नवीन झालं. रायपूर राजधानी झालं. रोज कुठंतरी फीत कापणं, रोज नवीन पाटी. त्या गर्दीत सर आले. शिकलेले, गोड बोलणारे, खादीचा कुडता. तीन महिने आमच्या ओसरीत पोत्यावर बसले, आईच्या हातचा चहा पेले, अन् वहीत लिहून घेतलं. आईले दीदी म्हणायचे. आम्हाले वाटलं, काय देवमाणूस आहे! सहा महिन्यांनी त्यांची संस्था निघाली. गरिबांना छोटं कर्ज. बाहेरून पैसा आला, जीप आली. मी बारावी पास, म्हणून मले नोकरी दिली. बायायचे फॉर्म भराचे. फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, ‘पहले क्या करते थे?’

मी भरले ते फॉर्म. शेकड्यानं भरले. पगारावर घर चालत होतं, बाबाची दवाई चालत होती. मले अभिमान पण होता, खोटं काहून बोलू? खांद्यावर बॅग लटकवून गल्लीतून निघाली का बाया “मॅडम” म्हणायच्या. माझीच आई संस्थेची मेंबर झाली अन् माझ्यासमोर सतरंजीवर बसाले लागली, तरी मले काही वाटलं नाही.

त्या दिवशी हॉलातून घरी आलो. आईनं ती विटकी साडी बदलली. चूल पेटवली. बाबाले वाढलं, मले वाढलं. मी तिचे पाय धराले गेली. म्हटलं, “आई, चुकली मी. माफ कर.”

तिनं पाय मागं घेतले. म्हणाली, “मले काहून सांगतेस पोट्टे? मले तर माहीत आहे, मी भीक नाही मागितली. जिथं बोलली तिथं सांग.”

बस. त्यानंतर स्वयंपाक करायची, बोलायची, बाजारातून काय आणाचं ते सांगायची. पण माझ्याकडं पाहून हसणं तिनं बंद केलं.

मी जाऊन सांगतलं का? नाही. वर्ष काढलं मी. रोज ऑफिसात गेली, रोज “नमस्ते सर” म्हटलं. मनात म्हणायची, नोकरी गेली तर बाबाचं काय? हे खरं होतं. पण घाबरत होती मी, हे त्याहून खरं होतं. आईचा फोटो मोठा करून ऑफिसच्या भिंतीवर लावला होता. हात जोडलेला, अनवाणी. मी त्याच्याखाली बसून डबा खायची. अन्न गिळवत कसं होतं मले, देव जाणे.

मंग सरांचा सत्कार ठरला. तोच हॉल. नव्या राज्यात छोट्या कर्जाची सुरुवात करणारा पहिला माणूस, असं बॅनरवर लिहिलं होतं. पहिला माणूस! या वेळी स्टेजवर दुलारीले न्याचं होतं. दुलारी आमच्याच पाऱ्यातली छत्तीसगढी बाई, भाजी विकते, फंडातली सगळ्यात जुनी मेंबर. पडद्यामागं तिच्याही चपला काढल्या. माझ्या हाती कागद दिला. मी वाचला. तोच कागद होता. तेच टायपिंग. फक्त ‘मेरी माँ’ खोडून वर पेनानं ‘ये बहन’ लिहिलं होतं. पुढं तेच. पहले भीख मांगती थी.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. नवीन खोटं लिहाची पण तसदी घेतली नव्हती त्यानं. आमची एवढीच किंमत. बाई बदलली तरी चालते, भीक तीच.

दुलारी आपल्या बोलीत दोन वाक्यं बोलली, लाजून. मंग माझी पाळी आली. मी कागद घडी करून मुठीत धरला अन् माइकवर बोलली, “ये बहन भीख नहीं मांगती थी. सब्ज़ी बेचती थी, आज भी बेचती है. मेरी माँ ने भी कभी भीख नहीं मांगी. पिछले साल इसी माइक पर मैंने झूठ बोला. लिखकर सर ने दिया था, बोला मैंने. और ये काम सर ने नहीं, मेरी माँ ने…”

माइक बंद झाला. मी थांबली नाही. तशीच ओरडून बोलली, फंड कोणाचा, टिन कोणाचा, तीन महिने चहा कोणाचा. सर उठले, हसत हसत दुसरा माइक घेतला अन् म्हणाले, “बच्ची की तबीयत ठीक नहीं है.” दोघांनी मले दंडाले धरून बाहेर नेलं. आत परत टाळ्या वाजल्या. कशाले वाजल्या, माहीत नाही.

नोकरी त्याच दिवशी गेली. पुढच्या आठवड्यात आमच्या पाऱ्याचं कर्ज थांबवलं. आता कोणाले वाटंल, बायायनं मले डोक्यावर घेतलं असंल. नाही घेतलं. दुलारीच आमच्या दारात येऊन ओरडली, “तोर सेती हमर लोन बंद होगे!” तुझ्यामुळं आमचं कर्ज बंद झालं, म्हणे. तिनं भाजीच्या गाड्यासाठी अर्ज केला होता. तिचं खरंच होतं. गाडा गेला तिचा. सरांचा माणूसही एकदा आला. म्हणाला, त्या दिवशी ताप होता असं लिहून दे, सगळं परत सुरू करू. नोकरी पण, कर्ज पण. मी लिहून दिलं नाही. दुलारी वर्षभर माझ्याशी बोलली नाही. बाबाची दवाई आईच्या शिलाईवर आली.

पण ते सारं नंतर. त्या दिवशी हॉलातून मी पायीच घरी आली. आई मशीनवर बसून ब्लाऊज शिवून राहिली होती. मी दारातूनच म्हटलं, “सांगतलं, आई. तिथंच.”

तिनं मशीन थांबवलं नाही. विचारलं, “माइक चालू होता?”

“अर्ध्यातच बंद केला त्यायनं.”

“मंग किती लोकायनं ऐकलं?”

“पुढच्या तीन रांगा असतील.”

आईनं दोरा दातानं तोडला. माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, “मंग बाकीचे राहिले.”

शाबासकी नाही. पाठीवर हात नाही. तिचं बरोबर होतं. खोटं पूर्ण हॉलानं ऐकलं होतं, खरं तीन रांगांनी. ते सर आजही हार घालून घेतात, अन् मागच्या रांगांतले लोक आजही समजतात का माझ्या आईनं भीक मागितली. म्हणून मी हे सांगून राहिली. जिथं चार माणसं बसलेली दिसतील तिथं सांगीन, माइक देवोत का न देवोत. शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाले ऐकू जाईपर्यंत मी गप बसणार नाही.