खोडलेली सात वटवाघळं

सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे अनुस्वारकाका म्हणत. एकतीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एकही अनुस्वार निसटला नव्हता. हे ते स्वतःच सांगत असल्यामुळे शंका घ्यायला जागा नव्हती.

एकदा देशातल्या सस्तन प्राण्यांची, दर दहा वर्षांनी निघणारी अधिकृत यादी त्यांच्या टेबलावर आली. माकडं, मुंगसं, उंदीर-घुशी सुरळीत पार पडली. वटवाघळांपाशी लाल पेन्सिल अडली. 'लहान नालमुखी वटवाघूळ' एकदा येऊन गेलेलं, आणि दोन ओळींखाली पुन्हा हजर! शेजारची शास्त्रीय नावं वेगळी होती खरी, पण ती पडली लॅटिन. काकांना लॅटिन येत नव्हतं, आणि आपल्याला न येणारं बहुधा चुकलेलंच असतं असं त्यांचं मत होतं. अशा सात ओळी त्यांनी खोडल्या. माणूस चोख, म्हणून प्रस्तावनेतला तीनशे बाराचा आकडाही आठवणीने तीनशे पाच केला.

पुस्तक निघालं. दोन महिन्यांनी वर्तमानपत्रात ठळक मथळा आला: दहा वर्षांत वटवाघळांच्या सात जाती नाहीशा! कोणी कारखान्यांना बोल लावला, कोणी मोबाइलच्या मनोऱ्यांना. मंत्र्यांनी चिंता व्यक्त केली. काकांनी मथळा दोनदा वाचला आणि बायकोला सगळं सांगून टाकलं.

"एवढं काय जिवाला लावून घेताय?" बायको म्हणाली. "खोडलीत ना? मारली तर नाहीत!"

तरी तिसऱ्या दिवशी ते मुद्रितांचा गठ्ठा काखोटीला मारून यादीच्या संपादिकेकडे गेले. मॅडम प्राणिशास्त्रातलं मोठं नाव. लाल रेघा बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, दोन वेगळ्या जातींना लोक एकच नाव देतात! शेवटचं मुद्रित कोणी पास केलं हे?" त्यांनी पान उलटलं. खाली मॅडमचीच सही होती.

"मी चूक जाहीर करतो, मॅडम," काका म्हणाले.

"थांबा. पाहणीच्या मोहिमेसाठी चौदा वर्षं अर्ज करतेय मी. काल मंजूर झाली." त्यांनी गठ्ठा कपाटात ठेवला. "आणखी कोणाला बोललात?"

"फक्त बायकोला."

"त्या कुठे बोलणार तर नाहीत ना?"

"तिला वटवाघळांचं काहीएक वाटत नाही."

मोहीम निघाली. तीन आठवड्यांत सातही जाती 'पुन्हा सापडल्या', होत्या तिथेच. मॅडमचा सत्कार झाला. पण एका गुहेत आठवीही मिळाली, अंगठ्याएवढी, आणि ती मात्र खरोखरच कोणाला ठाऊक नव्हती.

सुधारित यादी काकांकडेच आली. त्यांनी पेन्सिल खणात बंद केली आणि हात मागे बांधून वाचली. वाचता वाचता त्यांना जाणवलं, आपण आयुष्यात एक वटवाघूळ धड पाहिलेलं नाही. संध्याकाळी ते बायकोला घेऊन छापखान्यामागच्या मैदानात गेले. दिवे लागले तशी दहा-बारा वटवाघळं खांबाभोवती गिरक्या घेऊ लागली.

"यातलं तुम्ही खोडलेलं कोणतं?" बायकोने विचारलं.

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"जरा थांब ना," ते म्हणाले, "एका जागी बसू तर देत त्यांना."