विमलला मी जाळीबद्दल काय सांगितलं

चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून मी पत्राशिवाय काही लिहिलेलं नाही. आणि आज जे लिहायला बसले आहे ते नवऱ्याला, बहिणीला कधी सांगितलं नाही. देवापुढे हात जोडूनही ते कधी ओठांवर आलं नाही. तू कोण आहेस मला माहीत नाही. बाई असशील तर बरं — अर्धं तुला न सांगताच कळेल.

मला लघवी आवरत नव्हती. एवढं एक वाक्य लिहायला मी किती वेळ घेतला ते सांगितलं तर हसशील. खोकला आला, शिंक आली, हंडा उचलला, की व्हायचं. कशेळ्याहून कर्जतला जाणाऱ्या जीपमध्ये मी सगळ्यांत शेवटी उतरायचे, म्हणजे माझी जागा कोणी बघायला नको. फार्महाऊसवर भाकऱ्या करायला जायचे तेव्हा परकराच्या आत जुन्या लुगड्याची घडी असायची, आणि दुसरी पिशवीत, डब्याच्या खाली. अशी चार वर्षं काढली.

आमच्या घरात दोन सुना. थोरली मी, धाकटी विमल. कोणाची भाकरी फुगते, कोण बाळंतपणात ओरडली, कोण न सांगता उठते — सगळ्यात आम्हा दोघींना शेजारी ठेवून बघायची घरच्यांना सवय. ही सवय लक्षात ठेव. पुढे त्या सवयीमुळंच सगळं झालं. नाही, सवयीमुळं नाही. मी केलं. पण त्या सवयीच्या आधारानं केलं.

विमल उंच, मोकळी, मोठ्यानं हसणारी. घरचं धुणं दोघी मिळून धुवायचो, त्यामुळे माझा त्रास तिला माहीत होता. एकदा शेजारच्या हळदीकुंकवाला सगळ्या सतरंजीवर बसलो होतो आणि मला शिंक आली. विमल ओरडली, "अवो ताई, शिंकायच्या आधी सांगत जावा ना! सतरंजी उचलून घेते मी!" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले — दुसरं काय करणार? तिच्या मनात काही नव्हतं. तासाभरात ती विसरलीसुद्धा. मी विसरले नाही.

मग खोपोलीच्या बाजूला एका दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आत जाळीची बारीक पट्टी बसवतो, लघवीच्या वाटेला खालून आधार मिळेल. कागद पुढे केला, मी सही केली. ही जाळी आत कायमची राहणार का, तिनं काही झालं तर काय, असं विचारावं वाटलं होतं. पण डॉक्टर पुरुष, शेजारी नवरा, दाराशी आणखी दोन माणसं. तोंड उघडलं नाही. माझं तोंड नको तिथं बंद आणि नको तिथं उघडं — जन्मभर हेच.

लघवी थांबली. ते खोटं नाही. मी जीपमध्ये मधल्या सीटवर बसायला लागले. पण तिसऱ्या महिन्यापासून उजव्या जांघेत कळ यायला लागली, बसून उठले की आत सुरी फिरवावी तशी. कपड्याला डाग पडायचे. नवरा जवळ आला तेव्हा त्यालाही काहीतरी टोचलं. दचकून बाजूला झाला. "काय गं हे? तार-बिर राह्यली का काय आत?" त्यानंतर तो जवळ आला नाही, आणि त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

तपासणीला गेले तर डॉक्टरांनी विचारलं, "लघवी थांबली ना?" थांबली म्हटलं. "मग झालं तर." खोलीत पाच माणसं होती. मी उठले. या गोष्टीचा मला अजून संताप येतो — बाईला असं पाच माणसांत विचारतात का? पण संताप करून काय? दाराबाहेर सिस्टर एकटीच उभी होती. तिला सांगता आलं असतं.

दीड वर्षानं विमलला तोच त्रास सुरू झाला. मी ओटीवर वाल सोलत होते. घरात कोणी नव्हतं. ती येऊन माझ्याशेजारी बसली आणि सोलायला लागली, टरफलं टोपलीत आणि दाणे खाली टाकायला लागली, तेव्हा मला कळलं की काहीतरी आहे. मान खाली घालून म्हणाली, "ताई, मला पण तुमच्यासारखं व्हाया लागलंय." मग थोड्या वेळानं, "तुमी ती जाळी बसवली... खरं सांगा. काय त्रास नाय ना?"

मी म्हणाले, "काय नाय. सुटले मी."

लाज वाटली म्हणून खोटं बोलले — इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. पण कसली लाज? आम्ही दोघीच होतो. माझ्यापेक्षा तीच जास्त लाजत होती. खरं काय ते लिहिते. तिची खाली गेलेली मान बघून मला बरं वाटलं. ती पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागायला आली होती. मला सतरंजी आठवली. आणि मनात आलं — होऊ दे हिलाही. मी एकटीनंच का?

एवढंच असतं तरी पुष्कळ होतं. पण हे अर्धं आहे.

विमलचं ऑपरेशन त्याच दवाखान्यात झालं. दोन महिन्यांत तिला दुखायला लागलं, रक्त जायला लागलं. ती माझ्यासारखी गप्प बसणारी नाही. दुखलं की बोलायची, रडायची. आणि तिचा नवरा म्हणायचा, "वैनीला पण तीच जाळी बसवलीय ना? त्यांचं काय दुखत नाय, मग तुझंच कसं दुखतं गं?" सासूबाई म्हणायच्या, "भांडी घासायच्या टायमालाच दुखतं बरं हिचं!" आणि डॉक्टर? तिला दाखवायला मी सोबत गेले तेव्हा तेही तेच म्हणाले. तुमच्या जावेला आम्हीच बसवली, ती बघा कशी ठणठणीत आहे. मनातून काढून टाका.

मी तिथंच उभी होते. ठणठणीत.

बाहेर आल्यावर तिनं माझा दंड धरला. "ताई, तुमाला सुरवातीला तरी झालं व्हतं का असं? थोडं तरी?" थोडं तरी, म्हणाली. एवढंच मागत होती. मी हो म्हटलं असतं तर ती तशीच आत परत गेली असती आणि डॉक्टरांना बोलली असती. तिच्यात तेवढी धमक आहे. पण हो म्हटलं असतं तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं. "नाय गं बाई," मी म्हणाले. वर आणि सांगितलं — जरा चालत-फिरत जा, बसून राहिलं की अंग धरतं.

दोन वर्षं ती नाटकी ठरली. घरात, गावात, माहेरीसुद्धा. माझ्याकडे बोट दाखवलं की तिचं बोलणं संपायचं. मी तिच्यासमोर कधी लंगडले नाही. कळ आली की फडताळाला हात लावून उभी राहायचे, डबा शोधत असल्यासारखी. एवढं सोंग मला जमलं. खरं बोलायला मात्र लाज वाटते म्हणे!

शेवटी तिच्या भावानं तिला पनवेलला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं. जाळी मांसातून बाहेर आली होती. ऑपरेशन करून काढली, पण अर्धीच निघाली, उरलेली आत चिकटून बसली आहे. ही लवकर दाखवायला आली असती तर सोपं गेलं असतं, असं त्या म्हणाल्या. आता विमलची लघवी पुन्हा सुटते आणि दुखणंही राहिलं आहे. जमिनीवर बसून भाकरी थापता येत नाही तिला. मोठ्यानं हसत नाही — हसलं की कळ येते.

गेल्या महिन्यात तपासणीला तिच्यासोबत मी गेले होते. खोलीत डॉक्टरबाई आणि आम्ही दोघी. त्यांनी विचारलं, घरात, ओळखीत आणखी कोणाला बसवली आहे का? असेल तर त्यांनाही घेऊन या, बघून घेऊ. विमलनं माझ्याकडे हात केला. "ह्यांना हाय की. पण ह्यांना काय नाय."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "काहीच नाही? बसताना, नवऱ्याजवळ जाताना? सांगा, इथं कोणी नाही."

इतक्या सरळ मला कोणी कधी विचारलं नव्हतं. पुरुष नव्हता. कुणाची घाई नव्हती. मी त्या क्षणीही उजव्या बाजूनं अंग चोरून बसले होते. विमल माझ्याकडे बघत होती.

"काहीच नाही," मी म्हणाले.

विमल डॉक्टरबाईंना म्हणाली, "जाळी चांगलीच असंल वो. माझंच आंग खराब."

हे तिला कोणी शिकवलं? सासूनं नाही, नवऱ्यानं नाही. मी शिकवलं. दाराशी तिची पिशवी होती ती मी उचलली.

"चल," मी म्हणाले, "एसटी सुटंल."